मागच्या चाकांवरचं वजन: ड्रॅग गाडीच्या सस्पेंशनचा आढावा

ड्रॅग रेसिंगमध्ये वळण नसतं. सरळ ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, किंवा त्याच्या निम्मं अंतर. शेजारी शेजारी दोन गाड्या, मध्ये दिव्यांचा खांब, आणि जो आधी पोचेल तो जिंकला. वळायचंच नाही तर सस्पेंशनची एवढी उस्तवार कशाला, असं बाहेरच्या माणसाला वाटणं साहजिक आहे. पण अमेरिकेत, जिथे हा खेळ वाढला, तिथे शर्यतीच्या दिवशी बॉनेटखाली जेवढी डोकी दिसतात तेवढीच गाडीच्या मागे, जमिनीला पाठ टेकून पडलेलीही दिसतात. पहिल्या ६० फुटांची, म्हणजे साधारण १८ मीटरची वेळ तिथे वेगळी छापून मिळते, आणि रेसर मंडळी कागद हातात आल्यावर आधी तोच आकडा बघतात. तिथे वाचलेला एक दशांश सेकंद शेवटच्या रेषेवर दीड-दोन दशांश होऊन मिळतो, असा त्यांचा ठोकताळा आहे.

मागचं सस्पेंशन कसं लावावं यावर गेली साठ-सत्तर वर्षं वाद चालू आहे. मागची बाजू बसली पाहिजे असं एक म्हणतो, उठली पाहिजे असं दुसरा. तिसरा म्हणतो, सस्पेंशनच काढून टाका. गंमत म्हणजे तिघांच्याही गाड्या शर्यती जिंकल्या आहेत. हा सगळा पसारा चाळल्यावर माझं मत असं झालं आहे की भांडणाचा बराचसा भाग एका गैरसमजावर उभा आहे. सस्पेंशन मागच्या चाकांवर वजन निर्माण करतं, असं धरून लोक बोलतात. ते तसं करत नाही. वजन किती येणार हे जवळजवळ आधीच ठरलेलं असतं. ते कधी आणि कसं येणार, एवढंच सस्पेंशनच्या हातात असतं.

हिशेब साधा आहे. गाडी पुढे झेपावते तेव्हा पुढच्या चाकांवरचं वजन मागे सरकतं. किती सरकतं, हे काढायला गाडीचं वजन, प्रवेग आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची यांचा गुणाकार करायचा आणि त्याला पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराने भागायचं. समजा गाडी १४५० किलोची आहे, गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर, चाकांमधलं अंतर २६७ सेंटिमीटर आणि सुटताना दीड जी प्रवेग मिळतो. मागे सरकणारं वजन येतं सुमारे ४०७ किलो. उभ्या गाडीत पुढे ७९७ आणि मागे ६५३ किलो असतील, तर सुटताना पुढे ३९० उरतात आणि मागे १०६० होतात. या सूत्रात स्प्रिंग नाही, शॉक नाही, लिंक नाही. स्प्रिंग बदलल्याने गाडी थोडी वर-खाली झाली तर उंचीचा आकडा किंचित हलेल, तेवढंच.

जुन्या लोकांनी हे सूत्र कागदावर मांडलं असो वा नसो, त्यातला उंचीचा आकडा मात्र त्यांनी बरोबर हेरला होता. डेट्रॉइटमधल्या क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी ‘रॅमचार्जर्स’ नावाचा क्लब काढला होता. त्यांनी १९४९ च्या प्लिमथची ‘हाय अँड मायटी’ नावाची गाडी केली, ती इतकी उंच होती की आज चित्र बघून हसू येतं. पण हेतू पक्का होता: उंची वाढली की मागे जाणारं वजन वाढतं. त्या काळचे टायर इतके कमजोर होते की मिळेल तेवढं वजन हवंच होतं. पुढे १९६५ च्या सुमारास क्रायस्लरने आपल्या काही गाड्यांची मागची चाकं जवळजवळ ३८ सेंटिमीटर आणि पुढची २५ सेंटिमीटर पुढे सरकवली. म्हणजे उभ्या गाडीतच जास्त वजन मागच्या चाकांवर. टायर सुधारत गेले तशा गाड्या पुन्हा खाली आल्या, कारण आता अडचण उलटी झाली होती: पुढची चाकं वाजवीपेक्षा जास्त उचलली जाऊ लागली.

मग उरतो प्रश्न वेळेचा. भरलेला हंडा डोक्यावर अलगद ठेवला काय आणि वीतभर वरून सोडला काय, वजन तेवढंच; पण मानेला फरक कळतो. टायरचंही तसंच आहे. क्लच सुटल्यावर पहिल्या काही शतांश सेकंदांत टायरला किती दाब मिळतो, यावर तो रस्ता धरणार की जागच्या जागी फिरणार हे ठरतं. मागच्या सस्पेंशनच्या सगळ्या रचना या एकाच कामासाठी झटत आल्या आहेत.

सुरुवात पाट्यांपासून झाली. आपल्याकडे अॅम्बॅसेडर, पद्मिनी आणि ट्रक यांच्यामुळे पाटे सर्वांच्या ओळखीचे आहेत. पाट्याचा दोष असा की तो स्प्रिंगही असतो आणि एक्सलला जागेवर धरणारा हातही. जोराचा टॉर्क आला की एक्सल स्वतःभोवती वळायला बघतो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो, मग सुटतो, पुन्हा मुरडतो, आणि मागची चाकं रस्त्यावर धडधड उड्या मारायला लागतात. यात कधी कधी युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस जातो, कधी प्रोपेलर शाफ्ट.

क्रायस्लरने यावर काढलेला तोडगा मला आजही सगळ्यात देखणा वाटतो. त्यांच्या पाट्यात एक्सल मधोमध नव्हताच, पुढच्या टोकाकडे सरकलेला होता. पुढचा तुकडा आखूड आणि कडक, मागचा लांब आणि मऊ. पुढचा तुकडा जवळजवळ लिंकचं काम करायचा आणि मागचा स्प्रिंगचं. शर्यतीसाठीच्या ‘सुपर स्टॉक’ पाट्यांमध्ये डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी असायची. त्याचं कारण पुढे येईल. डिफरन्शिअलच्या पिनियनच्या नाकाशी रबराचा एक ठोकळा लावायचे, म्हणजे नाक वर उठलं की ते बॉडीला टेकायचं आणि तिथूनच बॉडीला वर ढकलायचं. बाकीच्यांनी पाट्याखाली लोखंडी पट्ट्या ठोकल्या, ज्यांचं पुढचं टोक पाट्याच्या डोळ्यावर आपटायचं. स्वस्त, ओबडधोबड, आणि बरेचदा पुरेसा उपाय. त्याचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे आजचे कॅलट्रॅक बार, आणि पाट्यांवर धावणाऱ्या गाड्या त्यांच्या जोरावर आजही भल्या भल्यांना मागे टाकतात.

नंतर लॅडर बार आले: एक्सलला घट्ट जोडलेले दोन त्रिकोणी हात, पुढे एकेकाच बोल्टवर टेकलेले. बसवायला सोपे आणि वागायला सरळ. बदल करायला मात्र त्यात फारशी जागा नाही. ती जागा दिली फोर-लिंकने, आणि खरी मौज तिथे आहे.

फोर-लिंकमध्ये प्रत्येक बाजूला दोन दांडे, एक वर आणि एक खाली. पुढे चॅसिसच्या आणि मागे एक्सलच्या ब्रॅकेटवर एकाखाली एक अशी भोकांची रांग. बाजूने बघितलं की हे दोन दांडे पुढे वाढवत नेल्यावर कुठेतरी एकमेकांना छेदतात. त्या काल्पनिक बिंदूला इन्स्टंट सेंटर म्हणतात. एक्सल बॉडीला ढकलतो तो जणू त्या बिंदूतून. मागचं टायर जमिनीला टेकतं तिथून या बिंदूकडे रेघ काढायची आणि ती पुढच्या एक्सलपर्यंत न्यायची. तिथे ती गुरुत्वमध्याच्या उंचीवर पोचली, तर अँटी-स्क्वॉट, म्हणजे मागची बाजू बसण्याला होणारा विरोध, १०० टक्के. त्याखाली असेल तर मागची बाजू बसते, वर असेल तर उठते.

आता एक भोक बदलून काय होतं ते बघा. वर घेतलेलीच गाडी. मागचे दोन्ही बोल्ट एक्सलच्या सरळ रेषेत, खालचा जमिनीपासून २० सेंटिमीटरवर, वरचा ४५ वर. पुढचे बोल्ट ६० सेंटिमीटर पुढे, खालचा २२ वर, वरचा ३७ वर. दोन रेघा छेदतात त्या एक्सलपासून १५० सेंटिमीटर पुढे, २५ सेंटिमीटर उंचीवर. टायरच्या बुडापासूनची रेघ पुढच्या एक्सलपाशी साडेचव्वेचाळीस सेंटिमीटरवर पोचते, म्हणजे ८९ टक्के. गाडी थोडी बसणार. आता वरच्या दांड्याचं फक्त पुढचं टोक एक भोक, म्हणजे २ सेंटिमीटर, खाली घ्या. छेदबिंदू मागे सरकून १२५ सेंटिमीटरवर येतो आणि टक्केवारी १०३ होते. बसणारी गाडी आता उठणार. दोन्ही बाजूंचा एकेक बोल्ट काढून घालायचा, पाच मिनिटांचं काम, आणि गाडीचा स्वभाव पालटला. म्हणूनच फोर-लिंक घेणारे बरेच जण वर्षभर त्यातच हरवून जातात.

बसणं चांगलं की उठणं, हा वाद याच टक्केवारीवर येऊन थांबतो. मागची बाजू खाली बसली की टायरवर खूप वजन आलं, असं डोळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते वजन स्प्रिंग दाबत दाबत, सावकाश येत असतं. उलट बॉडी उठते तेव्हा लिंक टायरला त्याच क्षणी खाली रेटत असते. एवढ्यावरून उठणारी गाडी नेहमीच सरस, असा निष्कर्ष काढणारे मात्र अर्ध्यावर थांबतात. उठून उठून शॉक पूर्ण ताणला गेला की बॉडी एक्सललाच वर खेचायला लागते, टायर हलकं होतं, आणि सुटताना छान पकड घेतलेल्या गाडीचं टायर दहा-पंधरा फुटांवर जागच्या जागी फिरायला लागतं. १०० टक्क्यांच्या आसपास सुरुवात करावी आणि टायर काय सांगतंय ते ऐकावं, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. शंभरावर अडून बसण्यात अर्थ नाही.

हे ऐकायचं काम शॉकचं. आज अडीच-तीन दशकांपूर्वीपेक्षा सगळ्यात जास्त प्रगती इथे झाली आहे. पूर्वी पुढे ९०/१० शॉक लावायचे, म्हणजे उघडायला सैल आणि दाबायला कडक, आणि मागे ५०/५०. आता उघडणं आणि दाबणं यांची वेगवेगळी चकती असते, टिक-टिक करत फिरवायची. मागच्या बाजूला नियम असा: गाडी झटक्यात उठून टायरला फार जोरात मारत असेल, तर उघडण्याची चकती कडक करा, टायरला पुरेसा ठोसाच मिळत नसेल तर सैल करा. दाबण्याची चकती उठलेल्या बॉडीला परत धपकन खाली बसू देत नाही. पुढचे शॉकही या कामातले भागीदार आहेत. नाक फार मोकळं सोडलं तर ते वर जाऊन आपटतं, खाली येतं आणि मागचं वजन घेऊन जातं. मागचं सस्पेंशन दोन दिवस उलटंपालटं करून शेवटी पुढच्या शॉकची एक चकती फिरवल्यावर काम झालं, असे किस्से या धंद्यात पैशाला पासरी आहेत.

डाव्या-उजव्याचा प्रश्न थोडा वेगळा. प्रोपेलर शाफ्टचा पीळ एक्सलला असा बसतो की डावं टायर खाली दाबलं जातं आणि उजवं उचलायला बघतं. त्याच वेळी इंजिन-गिअरबॉक्समधून बॉडीला उलटा पीळ बसतो आणि ती उजवीकडे मागे झुकते. हा बॉडीचा पीळ सगळाच्या सगळा मागच्या स्प्रिंगांवाटे एक्सलकडे परत आला, तर हिशेब मिटतो. पण त्यातला वाटा पुढच्या स्प्रिंगा घेतात, आणि तेवढं उजवं टायर हलकं राहतं. क्रायस्लरचे डावे-उजवे वेगळे पाटे यासाठीच होते. फोर्डच्या जुन्या, फॉक्स बॉडीच्या मस्टँगमध्ये उजव्या कॉइल स्प्रिंगच्या पोटात हवेची पिशवी घालून दोन-चार पौंड हवा जास्त भरतात, तेही यासाठीच. चांगला उपाय म्हणजे मागे जाड अँटी-रोल बार. तो बॉडीचा सगळा पीळ मागेच अडवतो. तो बसवताना ड्रायव्हर सीटवर बसलेला हवा, किंवा त्याच्या वजनाची पोती तरी. दोन्ही टायरमध्ये सारखी हवा, खाली सपाट फरशी, आणि बारच्या दोन्ही लिंक हाताने सहज आत-बाहेर होतील अशा लांबीवर. पाना लावून जबरदस्तीने बसवलेला बार गाडी उभी असतानाच एका बाजूला ओढत असतो.

पिनियनच्या कोनाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जोर आला की पिनियनचं नाक वर उठतं, म्हणून ते आधीच थोडं खाली झुकवून ठेवायचं: पाट्यांवर पाच-सात अंश, पक्क्या जोडांच्या लॅडर बार किंवा फोर-लिंकवर एक-दोन. कोन बदलून पकड वाढते असं सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. क्रॉस वाचतो आणि ताकद वाया जात नाही, एवढंच त्याचं काम.

टायरचा विषय मात्र टाळता येत नाही, कारण सस्पेंशनची अर्धी मतभिन्नता खरं तर टायरची आहे. जुन्या धाटणीच्या बायस-प्लाय स्लिकच्या भिंती मऊ असतात. सुटताना त्यांना सुरकुत्या पडतात, टायर स्वतःच स्प्रिंग बनतं, आणि त्याला जोराचा ठोसा आवडतो. ड्रॅग रेडियलची भिंत तशी मुरडत नाही. तिला दाब सलग आणि सावकाश वाढलेला हवा. म्हणून एकाने स्लिकवर शिकलेली गोष्ट दुसऱ्याच्या रेडियलवर सपशेल पडते, आणि मग दोघं एकमेकांना अडाणी ठरवतात. त्यात ट्रॅकची भर. चिकट रसायन फवारलेला, संध्याकाळी थंड होत आलेला ट्रॅक आणि भर दुपारचा तापलेला ट्रॅक यांना एकच सेटिंग चालत नाही.

स्वतंत्र रिअर सस्पेंशनची बाजू या खेळात कायम पडती राहिली आहे. तिथे डिफरन्शिअल चॅसिसलाच बोल्टने बांधलेलं असतं, त्यामुळे टॉर्कची प्रतिक्रिया लिंकमधून टायरला रेटायला मिळत नाही; अँटी-स्क्वॉट मोजायची रेघही टायरच्या बुडापासून न काढता चाकाच्या मध्यापासून काढावी लागते. शिवाय गाडी बसली-उठली की चाकं तिरकी होतात. २०१५ पासून रस्त्यावरच्या मस्टँगला स्वतंत्र सस्पेंशन आलं, तरी कारखान्याने शर्यतीसाठी बांधलेल्या कोब्रा जेटमध्ये अखंड एक्सलच राहिला. शेव्हरोलेच्या कोपो कमारोतही तेच. अपवाद दाखवायचा तर २०१८ ची डॉज डीमन. स्वतंत्र सस्पेंशन, मऊ स्प्रिंगा आणि इलेक्ट्रॉनिक शॉक घेऊन ती कारखान्यातून निघाली आणि पुढची चाकं हवेत ठेवून ८९ सेंटिमीटर गेली. गिनीजने त्याची नोंद केली. म्हणजे अशक्य काही नाही. पण त्यामागे एका मोठ्या कंपनीचा सगळा इंजिनिअरिंग विभाग होता.

आणि शेवटचं टोक म्हणजे टॉप फ्युएल. ताशी ५३० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या या गाड्यांना मागे सस्पेंशनच नसतं. एक्सल चॅसिसला थेट बांधलेला. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ७.६ मीटर अंतर असलेली ती नळ्यांची चौकट स्वतः वाकते, भलंमोठं टायर सुरकुततं, आणि टॉर्क किती सोडायचा हे क्लच ठरवतो. वेळेचा प्रश्न तिथेही आहेच, फक्त तो सस्पेंशनकडून काढून क्लचकडे सोपवला आहे. 

आपल्याकडे लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’सारख्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. तिथे उतरणाऱ्या हॅचबॅक आणि सेडान बहुतांशी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. त्यांच्यासाठी वरचं सगळं उलटं वाचायचं. मागे सरकणारं वजन हा त्यांचा शत्रू. म्हणून मागच्या स्प्रिंगा कडक, मागचे शॉक दाबायला कडक, आणि पुढचं नाक उचलू न देणारे पुढचे शॉक. अमेरिकेत अशा गाड्यांच्या मागे दांडे लावून शेपूट बसू न देण्याचीही पद्धत आहे. ड्रॅग बाइकवाले मागचा स्विंगआर्म लांब करतात ते चाकांमधलं अंतर वाढवायला. वरच्या सूत्रातला भाजक मोठा झाला की पुढचं चाक जमिनीवर राहतं.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेऊन कोणी या वाटेला जाणार असेल, तर खर्चाचा क्रम मी असा लावेन. आधी सगळे बुश आणि जोड तपासा. सैल बुशवर कुठलंही सेटिंग टिकत नाही. मग एक्सल चॅसिसला काटकोनात आहे का ते सुताने मोजा. मग टायर आणि हवा. मोबाइलवर बाजूने स्लो मोशन चित्रण करा आणि गाडीपेक्षा टायर व मडगार्डमधली फट बघा: ती वाढते की घटते, आणि कोणत्या क्षणी. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून. आणि हे सगळं बंद धावपट्टीवर. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. एवढं करून पैसे उरले तर मागे चांगले, दोन्हीकडून जुळवता येणारे शॉक घ्या. फोर-लिंकचा विचार त्यानंतर. पाट्यांवर किंवा लॅडर बारवर गाडी सरळ सुटत नसेल, तर फोर-लिंकवरही ती सुटणार नाही.